जठराग्नी आणि औषध : पेप्टाइड औषधांना लायपोसोमचे संरक्षण

मटण निबर असले, तर आपल्याकडे ते शिजत घालण्यापूर्वी त्यास कच्च्या पपईचा गर चोळून काही वेळ ठेवून देण्याची रीत आहे. तेवढ्या वेळात मांस मऊ होते आणि पुढे लवकर शिजते. पपईच्या चिकात पपेन नावाचे एक विकर असते. विकर, म्हणजेच एन्झाइम, हा सजीवांच्या पेशींत तयार होणारा असा पदार्थ होय, की जो एखादी रासायनिक क्रिया अनेक पटींनी वेगाने घडवून आणतो आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाही. पपेनचे काम प्रथिनांचे लांब रेणू ठिकठिकाणी तोडण्याचे आहे. मांसातील तंतू अशा रीतीने तुटले, की ते दाताखाली मऊ लागते.

१९७८ साली किरण मजुमदार-शॉ यांनी बंगळूर येथे बायोकॉन ही कंपनी स्थापन केली, तेव्हा तिच्या आरंभीच्या उत्पादनांत हे पपेन होते. पुढे पाव शतकाने, २००४ साली, याच कंपनीने यीस्टच्या पेशींकडून तयार करविलेले मानवी इन्शुलिन बाजारात आणले आणि त्यानंतर ते सुईवाचून, तोंडावाटे गोळीच्या रूपाने देता येईल काय, या प्रश्नास हात घातला. प्रथिन तोडणारा पदार्थ विकून जिने व्यवसायास आरंभ केला, त्याच कंपनीला आता एका प्रथिनास तुटण्यापासून वाचवावयाचे होते. कारण पपेनसारखीच, किंबहुना त्याहून अधिक तत्पर अशी विकरे प्रत्येक मनुष्याच्या पोटात वास करीत असतात. त्यांच्या हातून औषध सुखरूप कसे न्यावे, त्यासाठी लायपोसोम नावाच्या सूक्ष्म मेदपिशव्यांचा उपयोग कितपत होतो, आणि केवळ संरक्षण पुरेसे का पडत नाही, याचा विचार या पुस्तिकेत करावयाचा आहे.

पेप्टाइड म्हणजे काय

सर्व प्रथिने ॲमिनो अम्लांची बनलेली असतात. सजीवसृष्टीत सर्वसाधारणपणे वीस प्रकारची ॲमिनो अम्ले प्रथिनांच्या रचनेत आढळतात. माळेत मणी ओवावेत, त्याप्रमाणे ती एकापुढे एक जोडली जाऊन साखळी तयार होते. साखळी लहान असेल तर तिला पेप्टाइड म्हणतात, पुष्कळ लांब असेल तर प्रथिन. दोहोंमधील सीमारेषा काटेकोर नाही. इन्शुलिन हे संप्रेरक या सीमेवरच उभे आहे. त्यात ५१ ॲमिनो अम्ले असून ती २१ आणि ३० अशा दोन साखळ्यांत विभागलेली आहेत, व या साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींस बांधलेल्या आहेत. हा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी शोधून काढला व त्याबद्दल त्यांना १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. साखळ्यांची अवकाशातील घडी कशी असते, हे मात्र १९६९ साली ऑक्सफर्ड येथे डोरोथी हॉजकिन यांच्या प्रयोगशाळेत उलगडले. त्या गटात एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञ होते. १९७१ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परतले आणि प्रथिनांच्या स्फटिकांचा अभ्यास आपल्या देशात त्यांनी रुजविला. रेणूची घडी माहीत झाली, म्हणजे त्याचा कोणता भाग कामाचा आहे व कोणत्या टोकास थोडाफार बदल केला असता काम बिघडणार नाही, याचा अदमास करता येतो. या गोष्टीचा उपयोग पुढे दिसून येईल.

१९२१ साली टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे करण्यात यश मिळविले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड टॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले आणि मधुमेहाने मरणपंथास लागलेली मुले वाचू लागली. तोंडावाटे ते देण्याचे प्रयत्न त्याच दशकात झाले आणि फसले. शंभर वर्षे लोटली, तरी ज्या मुलाचे स्वादुपिंड इन्शुलिन बनवीतच नाही, त्याला दिवसातून बहुधा चार वेळा सुई टोचून घ्यावी लागते, अथवा त्वचेखाली नळी ठेवून पंपावाटे ते घ्यावे लागते. हे एक दिवसाचे वा एका वर्षाचे काम नव्हे. सुईच्या भयाने प्रौढ रोगीही इन्शुलिन सुरू करण्याचे पुढे ढकलीत राहतात आणि तेवढ्या काळात डोळे व मूत्रपिंडे यांची हानी होत असते. गोळीचा शोध केवळ सोयीसाठी चालला आहे असे म्हणता येत नाही, ते यामुळे.

त्यास आणखी एक शारीरिक कारण आहे. निरोगी मनुष्याच्या स्वादुपिंडातून निघालेले इन्शुलिन प्रथम यकृतात जाते. तेथे त्याचा सुमारे निम्मा भाग कामी येतो आणि उरलेला सर्व शरीरात पसरतो. त्वचेखाली टोचलेले इन्शुलिन याच्या उलट मार्गाने जाते. ते प्रथम सर्वत्र पसरते व यकृताच्या वाट्यास त्यातील थोडेच येते. आतड्यातून शोषलेले रक्त मात्र एका मोठ्या शिरेवाटे सरळ यकृताकडे वाहते. म्हणजे गोळीतील इन्शुलिन जर आतड्याची भिंत ओलांडू शकले, तर ते निसर्गाच्याच वाटेने जाईल.

अन्नमार्गातील संकटे

आता ही गोळी गिळली असता तिच्यावर काय काय प्रसंग येतात ते पाहू.

उपाशी पोटी जठरातील रसाचा सामू साधारणतः १ ते ३ असतो. म्हणजे तो लिंबाच्या रसाइतका किंवा त्याहूनही तीव्र आम्ल असतो. त्यात पेप्सिन हे विकर आपले काम सुरू करते. जठरातून अन्न लहान आतड्यात उतरले, की स्वादुपिंडातून ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन इत्यादी विकरांचा लोंढा त्यावर येतो. इन्शुलिनचा खरा वैरी यांतील कायमोट्रिप्सिन होय. यातूनही जे तुकडे निसटतात, त्यांचा समाचार आतड्याच्या भिंतीवरील पेशींच्या कडेस चिकटलेली विकरे घेतात. आपण वरणभात खातो तेव्हा तुरीच्या डाळीतील प्रथिनांचे असेच होते आणि व्हावयास हवेही. अन्यथा आपले पोषण झाले नसते. पचनेंद्रियांना डाळीतील प्रथिन कोणते आणि औषधातील कोणते, हे समजण्याचा काही मार्ग नाही.

समजा, औषध या सर्वांतून वाचले. तरी पुढे भिंत आहेच. आतड्याच्या आतील बाजूस श्लेष्माचा चिकट थर असतो आणि त्याखाली पेशींची एकच, परंतु अतिशय दाट रांग असते. शेजारच्या पेशी एकमेकींशी घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. या फटींतून पाणी आणि क्षार जाऊ शकतात. इन्शुलिनचा रेणू हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे ५,८०० पट जड असल्यामुळे त्यास तेथे वाव नाही. पेशीच्या अंगातून जावे, तर तिचे आवरण मेदाचे असते आणि इन्शुलिन हे पाण्यात रमणारे आहे. तेल आणि पाणी यांचा हा जुनाच बेबनाव येथेही आड येतो.

वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे, की संकटे दोन जातींची आहेत. पहिली विनाशाची आणि दुसरी अडवणुकीची. पहिलीवरील उपाय दुसरीस लागू पडेलच असे नाही.

मेदाची पिशवी

अंड्याच्या पिवळ्या बलकात आणि सोयाबीनमध्ये लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. तो फॉस्फोलिपिड या वर्गातील आहे. याच्या रेणूचे डोके जलस्नेही, म्हणजे पाण्याची आवड असणारे, आणि दोन लांब शेपट्या जलद्वेषी असतात. असे रेणू पाण्यात टाकले, म्हणजे ते डोकी पाण्याकडे आणि शेपट्या एकमेकींकडे करून दुहेरी पापुद्रा बनवितात. पापुद्र्याच्या मोकळ्या कडा पाण्यात उघड्या पडतात, म्हणून तो आपोआप वळून मिटतो आणि पिशवी तयार होते. तिच्या पोटात थोडे पाणी अडकून राहते. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीचे आवरण मूलतः याच धाटणीचे आहे.

इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ बाब्रहॅम येथे ॲलेक बँगहॅम आणि रॉबर्ट हॉर्न हे १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लेसिथिनचे असे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यांस कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकात एक बसलेली सूक्ष्म गोलके दिसली. १९६५ साली बँगहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की या गोलकांत क्षारांचे कण कोंडून राहतात व हळूहळू बाहेर झिरपतात, म्हणजे ही खरोखर मिटलेली पात्रे आहेत. सहकारी त्यांना काही काळ विनोदाने ‘बँगहॅमकाय’ अशा अर्थाच्या नावाने ओळखीत. पुढे ‘लायपोसोम’ हे नाव रूढ झाले. त्याचा शब्दशः अर्थ मेदकाय असा होतो.

लायपोसोम तयार करण्याची मूळ पद्धती आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. लेसिथिन एखाद्या उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवून काचेच्या चंबूत फिरवीत सुकवावयाचे, म्हणजे चंबूच्या आतील अंगास त्याचा पातळ थर बसतो. मग त्यात औषध विरघळलेले पाणी घालून हलवावयाचे. थर फुगतो, सुटतो आणि लक्षावधी पिशव्यांनी पाणी दुधाळ दिसू लागते. त्यांचा व्यास एका मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाएवढाही लहान करता येतो. मोदकाच्या पारीत सारण असावे, त्याप्रमाणे आतील पाण्यात औषध असते. मात्र येथे सारण फार वाया जाते. पिशव्या मिटताना जेवढे पाणी आत सापडेल तेवढेच औषध आत जाते. बाकीचे बाहेरच राहते व ते वेगळे काढावे लागते.

शिरेवाटे देण्याच्या औषधांत या पिशव्यांनी मोठे यश मिळविले आहे. २०२१ साली करोनाच्या साथीपाठोपाठ महाराष्ट्रात व इतरत्र ‘काळ्या बुरशी’चा रोग पसरला, तेव्हा ज्या इंजेक्शनासाठी रोग्यांचे नातेवाईक गावोगाव फिरत होते, ते लायपोसोमयुक्त अँफोटेरिसिन-बी होते. हे औषध मूळ रूपात मूत्रपिंडांस फार अपाय करते. मेदाच्या आवरणात घातले असता तो अपाय पुष्कळ कमी होतो. त्याचा एक भारतीय प्रकार मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठातील प्रा. बिमल बच्छावत यांच्या संशोधनातून पुढे आला होता. परंतु शिरेतील रक्त ही लायपोसोमला पुष्कळशी मानवणारी जागा आहे. जठर आणि आतडे तशी नाहीत.

पित्तरसाशी गाठ

इन्शुलिन लायपोसोममध्ये भरून तोंडावाटे देण्याचे प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाले. लंडनमध्ये एच. एम. पटेल आणि ब्रेंडा रायमन यांनी, तसेच डापरगोलस आणि ग्रेगोरिआडिस यांनी, असे इन्शुलिन उंदरांच्या पोटात घातले असता रक्तातील साखर उतरते, असे दाखविले. साधे इन्शुलिन त्याच मार्गाने दिले तर असे घडत नाही. स्वाभाविकपणेच या वार्तेने मोठी आशा निर्माण झाली. परंतु त्यानंतर निरनिराळ्या प्रयोगशाळांत जे निष्कर्ष मिळाले, ते एकसारखे नव्हते. कोठे साखर उतरे, कोठे उतरत नसे. एकाच खेपेतील दोन उंदरांतही फरक पडे.

त्याचे एक प्रमुख कारण पित्तरस हे आहे. रिठ्याच्या पाण्याने कपड्यावरील तेलाचा डाग निघतो, कारण रिठ्यातील द्रव्य तेलाचे बारीक कण करून ते पाण्यात तरंगते ठेवते. पित्तातील लवणे आतड्यात हेच काम करतात. तूप आणि तेल पचावे म्हणून निसर्गाने केलेली ही योजना आहे. लायपोसोम हा मेदाचाच असल्यामुळे पित्तलवणे त्याच्या आवरणात शिरतात, त्यास भोके पाडतात आणि अखेरीस सगळी पिशवी विरघळवून टाकतात. स्वादुपिंडातून येणारी, मेद तोडणारी विकरे त्यास हातभार लावतात. म्हणजे पेप्सिनपासून वाचविण्यासाठी जे चिलखत चढविले, ते पुढच्या मुक्कामावर साबणाने धुऊन निघावे, असा हा प्रकार होतो.

यावर उपाय सुचण्यास फार काळ लागला नाही. गोडेतेल थंडीतही पातळ राहते, पण साजूक तूप थिजते. कारण तुपातील मेदाम्लांच्या साखळ्या अधिक सरळ असून एकमेकींस दाटीने चिकटून बसतात. अंड्यातील लेसिथिनचा पापुद्रा शरीराच्या उष्णतेत तेलासारखा पातळ असतो. त्याऐवजी ज्यांच्या शेपट्या संपृक्त आहेत असे फॉस्फोलिपिड घेतले, तर पापुद्रा ३७ अंश सेल्सियसला थिजलेला राहतो. अशा एका प्रकारचा वितळबिंदू ४१ अंश, तर त्याहून लांब शेपट्यांच्या दुसऱ्याचा ५५ अंश आहे. त्यात कोलेस्टेरॉल मिसळले असता आवरण अधिकच आवळते. रोलंड आणि वुडली यांनी १९८० साली परीक्षानळीत केलेल्या प्रयोगांत असे लायपोसोम आम्ल, पित्तलवणे व विकरे यांच्यापुढे अंड्यातील लेसिथिनच्या लायपोसोमांपेक्षा पुष्कळ अधिक टिकले. त्यानंतर लायपोसोमवर एकाआड एक विद्युत्भाराची बहुवारिके चढवून त्याचे कवच जाड करण्याची युक्ती निघाली. पंजाबातील मोहाली येथील राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्थेत अशा बहुथरी लायपोसोमांत इन्शुलिन भरून, वर फॉलिक अम्ल जोडून प्राण्यांवर प्रयोग झाले आहेत. फॉलिक अम्ल हे येथे ओळखपत्राचे काम करते. आतड्याच्या पेशी ते जीवनसत्त्व ओढून घेतात, त्यासोबत पिशवीही आत जावी, ही त्यामागील कल्पना. काहींनी तर पित्तलवणे मुद्दाम आवरणातच मिसळली. शत्रूचाच माणूस घरात ठेवून घेतला, म्हणजे तो बाहेरून हल्ला करीत नाही, असा हा मुत्सद्दीपणा आहे व तो काही अंशी साधतोही.

येथे मात्र एक पेच उभा राहतो. पिशवी जितकी बळकट, तितकी ती उघडण्यास अवघड. जी आतड्यात मुळीच फुटत नाही, ती पुष्कळदा औषधासकट शरीराबाहेर निघून जाते, कारण शंभर नॅनोमीटर व्यासाची अखंड पिशवी भिंतीतून आरपार जाण्याचे प्रसंग थोडेच. फुटावे, परंतु नेमके भिंतीपाशी, श्लेष्माच्या आत, आणि पेशींच्या कडेवरील विकरे जागी होण्यापूर्वी फुटावे, अशी ही मागणी आहे. परीक्षानळीत पिशवी किती वेळ टिकली, एवढे पाहून समाधान मानणारे संशोधन पुष्कळ प्रसिद्ध होते. माझ्या मते तो अर्धाच प्रश्न आहे.

बंगळूरची गोळी

बायोकॉनने लायपोसोमचा मार्ग पत्करला नाही. आवरण चढविण्याऐवजी तिने इन्शुलिनच्या रेणूतच फरक केलेला प्रकार निवडला. त्याचे मूळ संशोधन अमेरिकेतील नोबेक्स या कंपनीचे होते आणि २००६ साली बायोकॉनने ते विकत घेतले. इन्शुलिनच्या लांब साखळीतील एकोणतिसाव्या स्थानी असलेल्या लायसिन या ॲमिनो अम्लास एक लहानशी शेपटी जोडण्यात आली. ही शेपटी अंशतः मेदस्नेही, अंशतः जलस्नेही आहे. साखळीचे हे टोक संप्रेरकाच्या मुख्य कार्याच्या जागेपासून बाजूस पडते, म्हणून कार्य टिकून राहते, आणि शेपटीमुळे विकरांस तो रेणू तोडणे जड जाते. सोबत गोळीत सोडियम कॅप्रेट घालण्यात आले. हे खोबरेल तेलातही अल्प प्रमाणात सापडणाऱ्या एका मेदाम्लाचे लवण असून ते पेशींमधील घट्ट सांधे थोडा वेळ सैल करते. म्हणजे विनाश आणि अडवणूक या दोन्ही संकटांवर दोन वेगळे उपाय एकाच गोळीत योजले होते. या औषधास प्रथम आयएन-१०५ आणि नंतर ट्रेगोपिल असे नाव मिळाले.

भारतातील रोग्यांवर त्याची मोठी चाचणी झाली व तिचा निकाल जानेवारी २०११ मध्ये जाहीर झाला. मधुमेहाची दीर्घकालीन स्थिती मोजण्यासाठी रक्तातील हिमोग्लोबिनचा किती भाग साखरेने जडला आहे, हे पाहतात. हा आकडा मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. औषधहीन गोळी घेणाऱ्या गटाच्या तुलनेने हा आकडा ठरविल्याइतका खाली यावयास हवा होता. तो आला नाही. औषधहीन गोळी घेणाऱ्यांचीच प्रकृती अपेक्षेहून अधिक सुधारली, हे त्याचे एक कारण सांगितले गेले. चाचणीत भाग घेणारे रोगी पथ्यपाणी अधिक कसोशीने पाळू लागतात, हा अनुभव डॉक्टरांस नवा नाही. परंतु जेवणानंतर चढणारी साखर या गोळीने उतरली होती. म्हणजे इन्शुलिन रक्तात पोचत होते, यात शंका नव्हती. पुढे झालेल्या २४ आठवड्यांच्या चाचणीत हीच गोळी जेवणापूर्वीच्या टोचण्याच्या इन्शुलिनशी ताडून पाहण्यात आली. जेवणानंतरच्या पहिल्या तासात गोळीने आपले काम चांगले केले. परंतु दीर्घकालीन आकडा टोचण्याच्या इन्शुलिनने जसा खाली आणला, तसा गोळीने आणला नाही. गोळीचा प्रभाव लवकर येई व लवकरच ओसरे.

या चाचणीत गोळीची मात्रा ३० व ४५ मिलिग्रॅम होती. इन्शुलिनचे एक एकक म्हणजे सुमारे ०.०३५ मिलिग्रॅम. जेवणापूर्वी दहा एकके टोचून घेणारा मनुष्य सुमारे ०.३५ मिलिग्रॅम इन्शुलिन घेतो. ३० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे स्थूलमानाने त्याच्या पंच्याऐंशी पट झाली. एका सुईसाठी जेवढे संप्रेरक लागते, त्याच्या पंच्याऐंशी पट कारखान्यात तयार करावे आणि त्यातील बहुतेक सारे आतड्यातच नष्ट व्हावे, असा हा व्यवहार आहे. डेन्मार्कमधील नोव्हो नॉर्डिस्क या कंपनीचा अनुभव याहूनही बोलका आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या आठ आठवड्यांच्या चाचणीत दिवसातून एकदा घ्यावयाच्या इन्शुलिनच्या गोळीने रक्तातील साखर टोचण्याच्या दीर्घकारी इन्शुलिनइतकीच ताब्यात ठेवली. औषध गुणकारी ठरले, तरीही ते काम थांबविण्यात आले. कारण गोळीस लागणारे इन्शुलिन इतके होते, की त्याचे उत्पादन परवडणारे नव्हते.

हिशेबाची एक बाजू अजून राहिली. गोळीतील शंभर भागांपैकी नव्वद भाग शोषले जात असतील आणि एखाद्या दिवशी पंच्याण्णव शोषले गेले, तर काही बिघडत नाही. परंतु शंभरांपैकी एकच भाग शोषला जात असेल आणि एखाद्या दिवशी दोन गेले, तर रोग्यास दुप्पट मात्रा मिळाली. इन्शुलिनच्या बाबतीत दुप्पट मात्रेचा अर्थ घाम, थरथर, भ्रम आणि कदाचित बेशुद्धी असा आहे. न्याहारीस पोहे खाल्ले की दूध घेतले, पोट रिकामे झाले होते की नाही, पित्त किती सुटले, यांवर तो एक भाग अवलंबून असतो. म्हणून इन्शुलिन वाचले का, यापेक्षा ते रोज सारखेच वाचले का, हा प्रश्न मोठा आहे. लायपोसोमच्या उंदरांवरील जुन्या प्रयोगांतील विसंगतीकडे या दृष्टीने पाहिले, तर ती केवळ प्रयोगातील ढिलाई नव्हती, तो विषयाचा गाभाच होता, असे आता म्हणता येते.

हाच हिशेब दुसऱ्या एका औषधाच्या बाबतीत मात्र अनुकूल ठरला. सेमाग्लुटाइड हेही पेप्टाइडच आहे आणि मधुमेहात वापरले जाते. त्याची गोळी २०१९ साली अमेरिकेत मान्य झाली व २०२२ पासून भारतातही मिळू लागली. तिच्यात औषध काही मिलिग्रॅम, तर सोबतचा साहाय्यक क्षार ३०० मिलिग्रॅम असतो. तो गोळीभोवतीच्या जठररसाचे आम्ल क्षणभर मारतो, त्यामुळे पेप्सिन मंदावते, आणि औषध जठराच्या भिंतीतूनच आत जाते. तेही सरासरी शंभरांत एक भागाहून जास्त जात नाही. उपाशी पोटी, अर्ध्या पेल्याहून अधिक पाणी न पिता ही गोळी घ्यावी आणि नंतर अर्धा तास काही खाऊ नये, हा नियम त्यामुळेच आहे. मग येथे यश का? कारण हे औषध रक्तात शिरले, की त्याचा निम्मा भाग नाहीसा होण्यास सुमारे एक आठवडा लागतो. आज कमी गेले, उद्या जास्त गेले, तरी साठा सरासरीने सारखा राहतो. विहिरीत आज दोन घागरी पाणी कमी झिरपले म्हणून पाण्याची पातळी हलत नाही, तसे. इन्शुलिनचे आयुष्य रक्तात काही मिनिटांचे असते. ते विहिरीसारखे नाही, ओंजळीतील पाण्यासारखे आहे.

लायपोसोमची आजची स्थिती

तोंडावाटे घ्यावयाचे लायपोसोमयुक्त इन्शुलिन अद्याप औषध म्हणून रूढ झालेले नाही. त्यामुळे ज्या रोग्यास इन्शुलिन टोचून घ्यावे लागते, त्याने बाजारातील कोणत्याही ‘लायपोसोमयुक्त’ पुडीच्या भरवशावर ते बंद करणे जिवावरचे आहे. हा शब्द आता सौंदर्यप्रसाधनांच्या डब्यांवर व जीवनसत्त्वांच्या बाटल्यांवरही दिसतो. तेथे त्याचे प्रयोजन बहुधा जाहिरातीपुरते असते.

संशोधन मात्र थांबलेले नाही. सध्या लायपोसोमकडे एकटा रक्षक म्हणून न पाहता अनेक उपायांतील एक म्हणून पाहतात. बाहेर आम्लात न विरघळणारी कॅप्सूल, तिच्यात सुकविलेले लायपोसोम, त्यांच्या अंगावर श्लेष्मास चिकटणारे कोळंबीच्या कवचातील कायटोसान, आणि पोटात औषधाबरोबर सांधे सैल करणारे एखादे द्रव्य, अशी त्यांची मांडणी असते. यांतील प्रत्येक वस्तू वाढली, की कारखान्यातील अडचणही वाढते, हे सांगणे नलगे.

या सर्वांत मला अधिक नवलाचे वाटते ते एका सूक्ष्मजीवाचे उदाहरण. कोळशाच्या खाणीबाहेर टाकलेल्या चुऱ्याचे ढीग आपोआप तापतात व त्यांतून गंधकाम्ल पाझरते. अशा धुमसत्या ढिगात थर्मोप्लाझ्मा ॲसिडोफिलम नावाचा जीव आढळला व त्याचे वर्णन १९७० साली प्रसिद्ध झाले. सुमारे ५९ अंश उष्णता आणि जठरातल्यासारखे तीव्र आम्ल, अशा ठिकाणी तो सुखाने वाढतो. आणि आश्चर्य हे, की त्याच्या पेशीस भित्तिका मुळीच नाही. आहे ते केवळ मेदाचे आवरण. परंतु त्याच्या मेदरेणूंच्या शेपट्या साध्या बंधांऐवजी ईथरबंधांनी जोडलेल्या असतात, आणि आम्ल वा विकरे यांना ते बंध तोडणे अतिशय अवघड जाते. शिवाय एकच लांब रेणू आवरणाच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार पोचतो. दुहेरी पापुद्र्याचे दोन थर टाके घालून एकत्र शिवावेत, तसे ते आवरण असते. अशा मेदरेणूंची भर घातलेले लायपोसोम तयार करून त्यांतून ऑक्ट्रिओटाइड हे पेप्टाइड उंदरांना तोंडावाटे देण्यात आले, तेव्हा साध्या द्रावणाच्या मानाने ते रक्तात काही पटींनी अधिक पोचले. ऑक्ट्रिओटाइडमध्ये ॲमिनो अम्ले आठ असतात, आणि इन्शुलिनमध्ये, वर सांगितल्याप्रमाणे, एक्कावन्न.